खरं सांग, किती दुखतं?

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी डाळिंब्या सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात भिजत होते, मध्ये पितळेची परात होती, बाजूच्या ताटलीत सालांचा ढीग वाढत होता आणि खिडकीतून पावसाने भिजलेल्या भिंतींचा वास येत होता. माझ्या भाचीचा आठवा महिना सरत आला होता. खाली मांडी घालून बसणे तिला जमत नव्हते, म्हणून ती पाटावर, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली होती. दाराची बेल वाजली म्हणून ताई उठून गेली आणि तेवढ्यात भाचीने आवाज अगदी खाली आणून मला विचारले, "मावशी, खरं सांग, किती दुखतं गं?" तिच्या बोटांत एक वाल तसाच थांबलेला होता. मी हसले आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अगं, एकदा बाळाचं तोंड बघितलं ना, की सगळं विसरायला होतं." तिने माझ्याकडे पाहिले, "बरं" म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली.

त्या "बरं"ने माझा पुढचा सगळा आठवडा खाल्ला. संध्याकाळी घरी परतताना नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होता, म्हात्रे पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि रिक्षात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येत राहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, निराशाही नव्हती. बंद खिडकीवर टकटक करून, आत कोणी नाही असे समजून माणूस निघून जातो, तसे काहीतरी होते. तिने किती दुखते हे विचारले होते आणि मी तिला, दुखून गेल्यावर काय होते, ते सांगितले होते.

हे उत्तर माझे नव्हतेच. १९९९ साली मी हाच प्रश्न माझ्या आईला विचारला होता आणि आईने पोळी लाटता लाटता, मान वर न करता, हेच वाक्य मला दिले होते. तिला ते तिच्या आईने दिले असेल. आमच्या घरात तांब्याचा बंब, पाळणा आणि हे वाक्य अशा तीन वस्तू एका पिढीकडून दुसरीकडे आल्या. बंब आता बाल्कनीत झाडे लावायला वापरतात. पाळण्याला नवी दोरी लागते. वाक्य मात्र जसेच्या तसे चालू आहे.

आईने ते प्रेमानेच म्हटले होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पोटुशा पोरीला घाबरवू नये, तिच्यासमोर वाईटसाईट बोलू नये, हे आपल्याकडे इतके मुरलेले आहे, की खरे बोलणे आणि घाबरवणे यांतला फरकच पुसला गेला आहे. डोहाळजेवणाला आपण तिला फुलांची वाडी भरतो, झोपाळ्यावर बसवतो, वाटीखाली बर्फी की पेढा ते ओळखायला लावतो, पाच जणी ओटी भरतात. आणि त्या पाचही जणींना ठाऊक असते, की दोन महिन्यांनी ही एका लोखंडी खाटेवर काय सोसणार आहे. पण तो विषय निघाला, की त्या एकमेकींकडे बघून हसतात. ते हसू मला पंचविसाव्या वर्षी फार झोंबले होते. आता मी स्वतःच तसे हसून बसले होते.

माझे बाळंतपण डिसेंबरात झाले. पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये, पहिल्या मजल्यावर. त्या रात्री पुण्यात कडाक्याची थंडी होती, ही गोष्ट मी इतकी वर्षे प्रत्येकाला सांगत आले आहे. दातांवर दात वाजत होते आणि कोणीतरी माझ्यावर निळ्या पट्ट्यांचे एक जाडेभरडे ब्लँकेट टाकले होते, एवढे मला स्पष्ट आठवते. फिनेलचा वास आठवतो. भिंतीवरचे औषध कंपनीच्या जाहिरातीचे घड्याळ आठवते. त्याचा सेकंदकाटा दर वेळी सहाच्या आकड्यावरून वर चढताना किंचित अडखळायचा. मी कळांचा वेळ त्या अडखळण्यांवर मोजला.

पहिली कळ कळ म्हणून ओळखूच आली नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखते तसे ओटीपोट जड झाले होते आणि कंबर भरून आल्यासारखी वाटत होती. जेवणात काही बाधले असेल म्हणून मी ओवा खाल्ला. त्याआधी पंधरा दिवस मधूनच पोट कडक होऊन सुटत असे; त्या खोट्या कळा. चार पावले चालले, कूस बदलली, पाणी प्यायले, की त्या विरून जात. या मात्र विरल्या नाहीत. त्या ठरावीक अंतराने येऊ लागल्या, अंतर कमी होत गेले आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा थोडी जास्त वेळ थांबू लागली. खरी कळ ओळखण्याची याहून साधी खूण मला आजही माहीत नाही.

पहाटेपर्यंत मी कळांच्या मध्ये गप्पा मारत होते. त्यानंतर गप्पा थांबल्या. कळ आता कंबरेच्या मागून, माकडहाडाच्या जरा वरून उठायची, दोन्ही बाजूंनी पुढे यायची आणि ओटीपोटात कोणीतरी ओले धुणे पिळावे तशी पिळत जायची. मांड्या आतून ओढल्या जायच्या. ती चढायची, तिच्या शिखरावर वीस-पंचवीस सेकंद श्वासाचीही जागा उरायची नाही आणि मग ती उतरायची. उतरली, की काहीच नसायचे, आणि हे मला कोणीही सांगितलेले नव्हते. दोन कळांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे शरीर अगदी शांत व्हायचे, मला डुलकी लागायची, एकदा तर स्वप्नही पडले. मी मनात धरून गेले होते, की एकदा दुखायला लागले, की बाळ होईपर्यंत अखंड दुखतच राहते. तसे असते, तर कोणीच टिकले नसते. सगळ्यांना असा पूर्ण विसावा मिळत नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर कंबर कळांच्या मध्येही ठणकत राहते. पण बहुतेकींना थोडी तरी उसंत मिळते. ती उसंत येणाऱ्या कळेची भीती बाळगण्यात घालवायची नसते, हे मला फार उशिरा समजले.

दुखते कशाने, हेही मला तेव्हा माहीत नव्हते. गर्भपिशवी हा एक दांडगा स्नायू आहे. प्रत्येक कळेत तो वरून आकसतो आणि आपलेच खालचे तोंड पातळ करत वर ओढून घेतो, असे करत करत बंद असलेले ते तोंड सुमारे १० सेंटिमीटर उघडते. तिथल्या वेदनेचा निरोप नेणारे मज्जातंतू मणक्यात नेमके तिथेच पोहोचतात, जिथे कंबरेचे आणि ओटीपोटाच्या कातडीचे मज्जातंतू पोहोचतात. त्यामुळे ताण असतो एकीकडे आणि दुखते कंबरेत, कुल्ल्यांत, मांड्यांत. शेवटी बाळाचे डोके खाली सरकू लागले, की दुखण्याची जात बदलते. मग पिळवटणे मागे पडते आणि दाब सुरू होतो. शौचाला लागल्यासारखा, न थोपवता येणारा दाब. आणि डोके बाहेर येण्याच्या क्षणी कातडी ताणून आग होते, अक्षरशः मिरची लागल्यासारखी. पण ती फार वेळ टिकत नाही.

सकाळी सात वाजता मला सांगण्यात आले, की चार सेंटिमीटर झाले आहे आणि आता तासाला एक सेंटिमीटर, म्हणजे दुपारी एकपर्यंत आटपेल. मी त्या हिशेबाला धरून बसले. अकरा वाजले तरी पाचच. मला वाटले, माझ्यातच काहीतरी कमी आहे, मी नीट करत नाही. त्या खाटेवर मला सगळ्यात जास्त रडू कळांनी आणले नाही, या हिशेबाने आणले. पुढे कितीतरी वर्षांनी वाचले, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा तासाला एक सेंटिमीटरचा नियम सरसकट लावू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या संथ कळा किती तास चालतील, याला ठरलेले माप नाही. पाच सेंटिमीटरनंतरचा वेगाचा टप्पा साधारण १२ तासांच्या आत होतो आणि पूर्ण उघडल्यानंतर बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील, तर हे सगळे नेहमीचे आहे. मी अगदी नेहमीसारखी बाळंत होत होते आणि मला वाटत होते, की मी नापास होते आहे.

त्या खोलीत दोन बायका होत्या, आणि दोघीही माझ्या मनात कायमच्या राहिल्या आहेत. एक सिस्टर होती. मी ओरडले तेव्हा ती म्हणाली, "आत्ता कशाला ओरडता? तेव्हा नाही ओरडलात ते?" हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, अशा बायका मला पुढे इतक्या भेटल्या, की ते कोणत्या एका बाईचे राहिलेच नाही. त्या क्षणी माझ्या अंगावर धड कपडे नव्हते, पाय वर बांधलेले होते आणि उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी ओरडणे थांबवले. दुखणे थांबले नव्हते. दुसरी होती तिथल्या आयाबाई, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी मला कुशीवर वळवले, तळहाताचा मागचा, मनगटाजवळचा भाग माझ्या माकडहाडावर ठेवला आणि कळ चढू लागली, की पूर्ण वजन टाकून दाबायच्या. "आली का? येऊ दे. श्वास सोड, लांब सोड, फुंकर घाल. चढली... आता उतरेल बघ, उतरली." एवढेच बोलायच्या. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि त्याला भांड्यांच्या पावडरीचा वास होता. कळ तेवढीच मोठी होती. पण तिला आता दोन जणी धरून होतो.

त्या मावशी जे करत होत्या, त्याची मोजदादही नंतर झाली आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाची छाननी करणारी संस्था; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायका होत्या. ज्यांच्याजवळ बाळंतपणात सतत कोणीतरी धीर देणारे माणूस होते, त्यांच्या कळांचा काळ काहीसा कमी भरला, आपोआप बाळंत होण्याचे प्रमाण वाढले आणि वेदनाशामक औषधे कमी लागली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीला एक स्त्री असू द्यावी, असे ठरवले. माझ्या वेळी नवरा बाहेरच्या बाकावर रात्रभर बसून होता आणि आई जिन्यात जप करत होती. दार उघडायचे तेव्हा मला तिच्या पातळाचा काठ तेवढा दिसायचा. दोघांपैकी एकाला जरी आत घेतले असते, तर कोणाचे काय बिघडले असते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

आजी कसब्यातल्या वाड्यात बाळंत झाली, पाच वेळा. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. तिची दोन मुले जगली नाहीत. तिनेही "विसरायला होतं" म्हटले असेल, तर ते कोणत्या अर्थाने म्हटले असेल, याचा विचार करताना माझा घसा दाटून येतो. तिच्याही आधीच्या काळातल्या आनंदीबाई जोशी मला अशा वेळी नेहमी आठवतात. त्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसच जगला. पुढे त्या फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या याच पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपण त्यांची गोष्ट पहिली स्त्री डॉक्टर म्हणून सांगतो. मला ती एका बाळंतिणीची गोष्ट वाटते, जिने विसरायचे नाकारले.

"वांझेला काय कळणार प्रसूतिवेदना" अशी एक म्हण आपण अजूनही बिनदिक्कत वापरतो. ती जिला लागते तिला लागतेच; पण ती म्हण बाळंतिणीवरही अन्याय करते. जणू हे दुखणे म्हणजे बाईपणाचे प्रमाणपत्र, सांगण्याची गोष्टच नाही, ज्याचे त्याने भोगून पाहावे. याच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलवर फिरणारा तो मजकूर आहे. माणूस ४५ 'डेल' वेदना सहन करू शकतो आणि बाळंतीण ५७ 'डेल' सोसते, म्हणजे एकाच वेळी वीस हाडे मोडण्याइतक्या! मातृदिन आला, की हा मजकूर मला किमान तीन गटांवर येतो. भाचीलाही तिच्या एका मैत्रिणीने तो सातव्या महिन्यात पाठवला होता, हे मला नंतर समजले. 'डेल' नावाचे असे काही माप वैद्यकात नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या काही संशोधकांनी कातडीला उष्णता देऊन वेदना मोजायचा प्रयत्न केला होता आणि 'डोल' नावाचे एकक सुचवले होते. त्याची पट्टीच साडेदहापर्यंत होती आणि तेही पुढे टिकले नाही. आईच्या गौरवासाठी म्हणून लिहिलेला हा मजकूर आठव्या महिन्यातल्या मुलीच्या हातात पडतो तेव्हा ती रात्री झोपत नाही, एवढे तरी पुढे ढकलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

वेदना आकड्यापेक्षा शब्दांत जास्त चांगली मापता येते, हे रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाला सुचले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या त्याच्या प्रश्नावलीत, १९७५ साली, रुग्णाने दुखण्याचे वर्णन करणारे शब्द निवडायचे होते. हे वाचल्यावर मी कागद घेऊन आपले शब्द लिहू लागले: कळ, चमक, सणक, ठणका, शूळ, रग, उसण, मुरडा, सल, आग, पीळ, वळ. केवढी श्रीमंती आहे! माझ्या त्या रात्रीची सुरुवात मुरड्याने झाली, मग रग, मग पीळ, शेवटी आग. हे चार शब्द जरी मला आईने दिले असते, तरी मी त्यांचा हात धरून गेले असते. मेलझॅकच्या पाहणीत पहिलटकरणींची वेदना सरासरीने फार वरची निघाली, जुनाट पाठदुखीच्याही वर. पण मला महत्त्वाचे वाटले ते हे, की ती सगळ्यांची सारखी निघाली नाही. साधारण दहातल्या एकीने ती सौम्य म्हटली आणि जवळजवळ चौथाई बायकांनी ती असह्य म्हटली. म्हणजे "काही एवढं नसतं गं" म्हणणारी आणि "मेले होते मी" म्हणणारी, दोघीही खरेच बोलत असतात.

मग पुढच्या रविवारी मी भाचीला सारसबागेत घेऊन गेले. पाऊस नव्हता, तळ्यातल्या गणपतीला ही गर्दी होती, म्हणून आम्ही लांबच्या बाकावर बसलो. मी तिला म्हटले, "परवा तू विचारलंस त्याचं मी उत्तर दिलं नाही. आज देते." आणि मी ओव्यापासून सगळे सांगितले. ती मध्ये मध्ये विचारत गेली. दवाखान्यात कधी निघायचे? पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, की निघायचे. पण अंगावरून पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट पाहायची नाही, तडक जायचे. आठ-नऊ सेंटिमीटरच्या सुमारास उलटी होते, अंग कापते आणि "मला घरी जायचंय, मला नाही जमणार" असे वाटते. तसे वाटले, की समजायचे बरेचसे झाले आहे. आडवे पडूनच राहायला हवे असे नाही, डॉक्टर हो म्हणाले तर चालावे, उकिडवे बसावे, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून झुलावे. बाळ बाहेर यायला खाली कट प्रत्येकीला द्यावाच लागतो असे नाही, आधी विचारून ठेवावे. आणि ओरडावेसे वाटले, तर ओरडावे.

पाठीतल्या इंजेक्शनबद्दल तिने फार बिचकत विचारले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी कुठे होतं असलं?" एपिड्युरल घेतले, की जन्मभर कंबर दुखते, असेही तिला कोणीतरी सांगितले होते. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले: भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून एक बारीक नळी घालतात, पंधरा-वीस मिनिटांत कळा बोथट होतात, शेवटचा टप्पा काहीसा लांबू शकतो, काही वेळा ताप येणे किंवा रक्तदाब उतरणे असे होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवावे लागते, पण त्याने सिझरचे प्रमाण वाढते किंवा कायमची पाठदुखी जडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हाही लोकांनी नाके मुरडली होती. वेदना सोसल्याचे बक्षीस कोणी देत नाही, आणि न सोसल्याचा दंडही नसतो. सिझर झाले तरी तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली दिसतात, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. यांतली सगळीच गरजेची होती का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा, पण ज्या बाईचे पोट उघडून बाळ काढले, तिला "नॉर्मल नाही झालं का?" असे चेहरा पाडून विचारणे आपण थांबवायला हवे. तिची वेदना नंतर सुरू होते, खोकताना, हसताना, बाळाला उचलताना.

नंतरचेही मी सांगितले, कारण ते तर कोणीच सांगत नाही. बाळामागून येणारी वार पडेपर्यंत आणखी एखादी कळ येते. टाके असतील तर पहिल्यांदा लघवीला जाताना भीती वाटते. कोमट पाणी ओतत राहिले, की आग कमी होते. बाळ पाजायला घेतले, की पोटात पुन्हा कळा उठतात, कारण दूध उतरवणारे संप्रेरकच गर्भपिशवीलाही आकसायला लावते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही कारण नसताना रडू येते. अळिवाची खीर समोर असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, धुरीचा वास कपड्यांत बसलेला असतो आणि बाळंतिणीला वाटते, की आपण या बाळाला पुरे पडणार नाही. ते बहुधा दोन आठवड्यांत निवळते. नाही निवळले, तर ते नाटक नसते, आजार असतो आणि त्याला डॉक्टर असतात. आणि शेवटी, जरा चाचरतच, मी तिला हे सांगितले, की बाळाचे तोंड पाहिल्यावर मला लगेच माया दाटून आली नव्हती. मला आधी नुसते सुटल्यासारखे वाटले होते. माया दोन-तीन दिवसांनी आली, एका दुपारी, तिची नखे बघताना.

हे मी आईलाही कधी बोलले नव्हते.

भाचीची तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपासची होती. मिरवणुकीत रस्ते बंद, दवाखाना नदीपलीकडे, या काळजीने जावयांनी तीन वेगवेगळे रस्ते नकाशावर काढून ठेवले होते. विसर्जन पार पडले, रस्त्यांवरचा गुलाल धुतला गेला आणि दोन दिवसांनी रात्री अडीचला मला फोन आला. "मावशी, ओवा खावासा वाटतोय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग ती गप्प झाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, फुंकर घातल्यासारखा. मी घड्याळाकडे पाहत राहिले. पन्नास सेकंदांनी ती म्हणाली, "उतरली."

सोळा तास लागले. जावई शेवटपर्यंत आत होते. सात सेंटिमीटरनंतर तिने इंजेक्शन मागून घेतले. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत एक लाल शीर फुटलेली. ताई चहा आणायला गेल्यावर मी विचारले, "खूप दुखलं का गं?" तिने थोडा विचार केला. "तू सांगितलं होतंस तसंच दुखलं. कमी नाही, पण ओळखीचं होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण एक तू सांगितलं नव्हतंस. बाळ झाल्यावर मला असली थरथर सुटली, मावशी! दात वाजायला लागले, पाय धरून ठेवले तरी उडत होते. मला वाटलं, मी आता जाते. सिस्टर म्हणाल्या, होतं असं पुष्कळ जणींना, अर्ध्या-पाऊण तासात थांबेल. थांबलं. पण मी केवढी घाबरले!"

"एसी लावला होता का? थंडी वाजली असेल," मी म्हणाले.

"नाही गं. एसी तर केव्हाच बंद केला होता. सप्टेंबरातली कसली थंडी?"

मी तिच्या पांघरुणाची घडी सारखी करत होते, आणि माझा हात तिथेच थांबला. निळ्या पट्ट्यांचे ब्लँकेट, दातांवर वाजणारे दात, कडाक्याच्या थंडीची ती रात्र. माझी मुलगी दुपारी पावणेचारला झाली होती. डिसेंबरातली असली, तरी पुण्यातली दुपार होती ती; खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी ऊन आले होते.